चोवीस पाइल आणि एका डिझाइन कार्यालयाचे काम

रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीच्या काठाने मासळी आणि आंब्याचा रस साठवण्यासाठी एका शीतगृहाचे बांधकाम सध्या माझ्या देखरेखीखाली चालू आहे. त्याच्या पायासाठी सहाशे मिलिमीटर व्यासाचे, जागेवर बोअर घेऊन काँक्रीट भरलेले चोवीस पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घालावे लागले. या पाइलमधील सळयांचे डिझाइन आम्ही बाहेरगावच्या एका स्ट्रक्चरल कार्यालयाकडून करून घेतले. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्या कामात चांगले जितके होते तितक्याच दोन ठसठशीत चुकाही होत्या, आणि चुका सुधारून दिल्यानंतर त्यांच्या नावावर शेरा मारणे मला प्रशस्त वाटत नाही. मात्र अशी सेवा घेताना नेमके काय मागावे आणि हातात आलेला कागद कसा वाचावा, हे कोकणातील छोट्या बांधकाम व्यावसायिकांना आणि बांधकाम करून घेणाऱ्या मालकांना उपयोगी पडेल, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. मी स्वतः पदविकाधारक असून डिझाइनर नाही. माझे आयुष्य साइटवर गेले आहे, त्यामुळे हे परीक्षण ग्राहकाच्या बाजूने केलेले आहे असे समजावे.

प्रथम जागेविषयी. वरचा दीड मीटर भराव, त्याखाली सुमारे सात मीटर सैल, पाण्याने भरलेली वाळू आणि मधूनमधून खाडीचा काळा गाळ, त्याखाली मुरूम आणि मग झिजलेला खडक, असा आमचा माती परीक्षण अहवाल होता. वाळूच्या थरात एसपीटीचे, म्हणजे नळी ठोकून जमिनीचा घट्टपणा मोजण्याच्या चाचणीचे, आकडे बहुतेक ठिकाणी दहाच्या आत होते. अशा जमिनीत पाइल उभा भार खडकापर्यंत पोहोचवतो, हे कोणालाही पटते. पण पाइलला आडवा भारही येतो आणि त्या भाराने तो वाकतो, हे मालकाला समजावून सांगताना माझी दमछाक झाली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने उडवलेले पत्रे सर्वांच्या लक्षात आहेत, आणि ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी आमच्या घरातील वडीलधारी माणसे अजून सांगतात. ते पत्रे उडवणारा वारा आणि ती भांडी पाडणारी जमीन इमारतीला आडवे ढकलतात, आणि ते ढकलणे शेवटी पाइलच्या माथ्यावर येऊन ठेपते. आमच्या इमारतीत हा आडवा भार प्रत्येक पाइलमागे ४० किलोन्यूटन, म्हणजे साधारण चार टन निघाला.

कार्यालयाने पहिल्या खेपेस पाठवलेला अहवाल बावीस पानांचा होता, आणि त्यातील मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे आकडेमोड उघडी होती. पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअरमधून निघालेले रंगीत तक्ते जोडून शेवटी ‘सुरक्षित’ एवढा शब्द लिहिलेला असतो, आणि तो शब्द कोठून आला हे कोणालाच विचारता येत नाही. येथे तसे नव्हते. आयएस २९११ या पाइलविषयक भारतीय मानक संहितेच्या परिशिष्टात दिलेली पद्धत त्यांनी पायरीपायरीने मांडली होती. पाइलचा ताठपणा आणि सभोवतालच्या वाळूचा ताठपणा यांचे गुणोत्तर घेऊन त्याचे पाचवे मूळ काढले की ‘टी’ नावाची एक लांबी मिळते. पाइल जमिनीत या लांबीच्या चौपट किंवा अधिक खोल असेल तर तो लांब पाइल समजायचा, म्हणजे त्याचे खालचे टोक आडव्या भाराने हलत नाही असे धरायचे. एम ३५ प्रतीच्या काँक्रीटचा ६०० मिलिमीटरचा पाइल आणि पाण्याखालची सैल वाळू धरून त्यांनी ही लांबी २.८५ मीटर काढली होती. चौपट केल्यास ११.४ मीटर होतात आणि आमचे पाइल १२ मीटर आहेत. म्हणजे अट पुरी होते, पण फार ऐसपैस नाही. ही काठावरची स्थिती त्यांनी लपवली नव्हती, उलट त्या आकड्याखाली रेघ ओढली होती.

या पाचव्या मुळाचा एक परिणाम मला या अहवालानेच शिकवला, आणि तो येथे सांगण्यासारखा आहे. वाळूच्या ताठपणाचा आकडा निश्चित सांगणे कोणालाच शक्य नसते. संहितेतील तक्तासुद्धा पाण्याखालच्या सैल वाळूसाठी दर घनमीटरला २०० पासून १४०० किलोन्यूटनपर्यंतची मोठी कक्षा देतो. मला भीती होती की या आकड्यात चूक झाली तर सगळे डिझाइनच कोसळेल. त्यांनी तोच हिशेब दोनदा करून दाखवला: आकडा १००० धरला तर पाइलच्या माथ्याशी मोमेंट, म्हणजे पाइलला वाकवणारा जोर, १०६ किलोन्यूटन मीटर येतो आणि तिप्पट, म्हणजे ३००० धरला, तर ८५. वाळूचा ताठपणा तिप्पट झाला तरी मोमेंट केवळ पाचव्या हिश्श्याने उतरला. म्हणजे ज्या आकड्याविषयी आपण सर्वाधिक साशंक असतो, तो सळयांच्या हिशेबाला फारसा धक्का लावत नाही. पाइलचा माथा किती सरकेल यावर मात्र त्या आकड्याचा परिणाम बराच मोठा होतो, कारण तेथे ‘टी’चा घन येतो. अशी समजूत करून देणारे दोन परिच्छेद अहवालात असणे, हे मी त्या कार्यालयाच्या खात्यावर पहिले जमेचे लिहितो.

आता मुख्य विषय, म्हणजे या मोमेंटसाठी गोल छेदात सळया किती आणि कशा बसवायच्या. तुळईचे डिझाइन आमच्यासारख्या साइटवरच्या माणसालाही बोटांवर करता येते, कारण तुळईची रुंदी सगळीकडे सारखी असते आणि ताण घेणाऱ्या सळया एका ओळीत तळाला असतात. गोल पाइलमध्ये या दोन्ही सोयी नाहीत. दाबाखालचा काँक्रीटचा भाग धनुष्याच्या आकाराचा असतो आणि कडेकडे निमुळता होत जातो. सळया वर्तुळावर पसरलेल्या असल्याने प्रत्येकीची पातळी वेगळी, म्हणून प्रत्येकीतील ताणही वेगळा. तटस्थ अक्ष, म्हणजे दाब आणि ताण यांच्या मधली रेषा, कोठे आहे हे आधी अंदाजाने धरावे लागते, काँक्रीटच्या दाबकडेला ०.००३५ इतकी विकृती (लांबीतील सापेक्ष बदल) धरून प्रत्येक सळीचे बल काढावे लागते, दाब आणि ताण यांची बेरीज जुळेपर्यंत अक्ष वरखाली सरकवावा लागतो, आणि तो जुळल्यानंतर मोमेंटची क्षमता मिळते. कार्यालयाने हे काम स्प्रेडशीटमध्ये केले होते आणि ती शीट सूत्रांसह आम्हाला दिली होती, कुलूप न लावता. मी दोन रात्री बसून आठ सळयांचा एक हिशेब कागदावर हाताने केला आणि तो त्यांच्या उत्तराशी जुळला, तेव्हा मला झालेला आनंद घरच्यांना कळण्यासारखा नव्हता.

पहिल्या ड्रॉइंगमध्ये त्यांनी १६ मिलिमीटरच्या, म्हणजे आमच्या फिटरच्या भाषेत पाच सुती, आठ सळया दाखवल्या होत्या. आयएस २९११ ची किमान अट छेदाच्या क्षेत्रफळाच्या ०.४ टक्के पोलादाची आहे, म्हणजे ६०० व्यासाला सुमारे ११३१ चौरस मिलिमीटर. आठ सळयांचे १६०८ होते, तेव्हा किमान अट सहज ओलांडली जात होती. प्रश्न किमान अटीचा नव्हताच. १०६ च्या मोमेंटला दीडचा गुणक लावला की १५९ किलोन्यूटन मीटर होतात, आणि आठ पाच सुती सळयांच्या पाइलची क्षमता, त्याच्यावर उभा भार काहीच नाही असे धरल्यास, १५० च्या आसपास येते. तरीही अहवालात ‘पुरेसे’ असे लिहिले होते, कारण त्यांनी इमारतीच्या वजनाचा उभा दाब सोबत धरला होता.

येथे माझीही एक चुकीची समजूत उघडी पडली, ती प्रांजळपणे सांगतो. मी आजवर असे समजत होतो की पाइलवर उभा भार जितका जास्त तितकी सळयांची परीक्षा कठीण, आणि म्हणून सर्वाधिक भाराच्या पाइलचे डिझाइन केले की बाकीचे आपोआप निभावतात. वस्तुस्थिती बऱ्याच अंशी उलट आहे. आमच्यासारख्या पाइलवर येणारा उभा दाब काँक्रीटच्या कुवतीच्या मानाने थोडा असतो, आणि त्या मर्यादेपर्यंत दाब वाढला की वाकण्याची क्षमता वाढते, कारण दाबामुळे काँक्रीटचा अधिक भाग कामाला लागतो आणि ताणाच्या सळयांवरचा बोजा हलका होतो. म्हणून सर्वाधिक धोका सर्वांत कमी उभ्या भाराच्या, किंवा भूकंपाच्या धक्क्याने वर उचलल्या जाणाऱ्या कोपऱ्यावरच्या पाइलला असतो. आमच्या इमारतीच्या चार कोपऱ्यांना त्या क्षणी २०० किलोन्यूटनची ओढ वरच्या दिशेने येते, हे त्याच कार्यालयाच्या इमारतीच्या विश्लेषणात, त्याच अहवालाच्या नवव्या पानावर छापलेले होते. सळयांच्या हिशेबात मात्र ते घेतले गेले नव्हते. मी त्यांच्या शीटमध्ये ती ओढ टाकून पाहिली, तर आठ पाच सुती सळयांची क्षमता १५० वरून ११५ च्या आसपास घसरली. १५९ हवे असताना ११५ म्हणजे काही किरकोळ उणीव नव्हे.

असे का झाले असावे, याचे कारण मला वाटते ते असे. एसपी १६ या १९८० सालच्या भारतीय मानक आलेखांमध्ये गोल छेदांचे आलेख आहेत, आठ सळया धरून काढलेले, आणि सहापेक्षा कमी नसलेल्या सळयांना ते साधारणपणे चालतात. जुन्या पिढीतले बहुतेक डिझाइनर हेच आलेख उघडतात, आणि त्यात काही गैर नाही. मात्र गोल छेदांचे ते आलेख शून्य उभ्या भाराच्या रेषेपाशी संपतात. वर उचलणारी ओढ त्या रेषेच्या खालच्या बाजूला येते आणि तेथे कागद कोरा आहे. कोऱ्या जागेत पाहायला कोणी जात नाही. त्यातून सळयांचे प्रमाण कमी असले की तेथल्या रेषा इतक्या दाटीवाटीने जातात की पट्टी आणि चष्मा असूनही वाचलेला आकडा दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे पाइलसाठी आलेख हा पडताळा म्हणून ठेवावा आणि मूळ हिशेब विकृतीच्या जुळणीनेच करून घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

ही बाब दाखवल्यावर कार्यालयातील तरुण अभियंता क्षणभर गप्प झाला आणि नंतर ‘बरोबर आहे, चूक आमची आहे’ असे म्हणाला. फोनवर असे वाक्य ऐकण्याची सवय आपल्याकडे कमी असल्याने मला ते ठळकपणे आठवते. आठ दिवसांनी आलेल्या सुधारित ड्रॉइंगमध्ये २० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा सुती, आठ सळया होत्या. उभा भार नसताना २२० आणि २०० किलोन्यूटनची ओढ असताना १८७, अशी त्यांची क्षमता लिहिलेली होती. पोलाद प्रत्येक पाइलमागे वाढले खरे. सोळाची सळी मीटरला १.५८ किलो आणि वीसची २.४७ किलो, म्हणजे बारा मीटरच्या आठ सळयांत सुमारे ८५ किलोंचा फरक पडतो. पण त्यांनी खालच्या चार मीटरमध्ये पुन्हा सोळाच्या सळया ठेवून काही पोलाद वाचवले, कारण माथा पाइल कॅपमध्ये, म्हणजे पाइलवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात, जखडलेला असेल तर मोठा मोमेंट माथ्याशीच येतो, खाली काही अंतरावर उलट दिशेचा पण बराच लहान मोमेंट येतो आणि तळाकडे तो विरून जातो. सळया वर्तुळभर सारख्याच असल्याने मोमेंटची दिशा उलटली तरी काही बिघडत नाही.

वर्तुळभर सारख्याच सळया का, हा प्रश्न आमच्या फिटरनेही विचारला होता. सळयांचा पिंजरा बांधताना तो म्हणाला, “साहेब, वाकताना मधल्या सळयांना काय कामच नाय, मग दोन बाजूंना जाड घालूया आणि मधल्या काढूया की.” त्याची शंका मुळात खोटी नाही, तटस्थ अक्षाजवळच्या सळया मोमेंटला फार थोडी मदत करतात, हे गोल छेदाचे दुखणेच आहे. पण भूकंप दिशा विचारून येत नाही, आणि दुसरी गोष्ट त्याला मी बोअरपाशी नेऊन दाखवली. क्रेनला लटकलेला पिंजरा खाली उतरताना दोरीच्या पिळाने सावकाश फिरत होता. एका सळीला बांधलेली लाल चिंधी उतरायला सुरुवात झाली तेव्हा खाडीकडे होती आणि पिंजरा टेकला तेव्हा रस्त्याकडे आली होती. दोन बाजूंना जाड सळया घातल्या असत्या तर त्या कोणत्या बाजूला गेल्या हे काँक्रीट पडल्यानंतर कोणालाच सांगता आले नसते. सहा सळयांच्या पिंजऱ्यातसुद्धा तो कसा फिरला यावर क्षमता दोन-तीन टक्क्यांनी बदलते, हेही शीटमध्ये कोन बदलून पाहता येते. आठ सळयांत हा फरक आणखी कमी होतो.

दुसरी ठसठशीत चूक कव्हरची. पहिल्या ड्रॉइंगमध्ये सळयांवरचे कव्हर, म्हणजे सळीबाहेरचा काँक्रीटचा थर, ५० मिलिमीटर होते. आयएस २९११ चे किमान तेवढेच आहे आणि आयएस ४५६ च्या ‘अतितीव्र’ परिस्थितीलाही ५०च सांगितलेले आहे, त्यामुळे नियमाच्या कसोटीवर ते चूक नव्हते. पण खाडीच्या खाऱ्या पाण्यात, खडबडीत भिंतीच्या बोअरमध्ये, फिरत उतरणाऱ्या पिंजऱ्याला पन्नासचे कव्हर सगळीकडे मिळेल असे ज्याने लिहिले, त्याने पिंजरा उतरताना कधी पाहिला नसावा. आम्ही ७५ मागितले. त्यावर त्यांचा पहिला आक्षेप असा होता की सळया आत सरकल्याने क्षमता कमी होईल आणि पोलाद वाढवावे लागेल. त्यांच्याच शीटमध्ये पाहिले तर आठ सहा सुती सळयांसाठी ५० च्या जागी ७५ केल्याने क्षमता २३० वरून २२० वर आली, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. पाच टक्के देऊन पंचवीस मिलिमीटर काँक्रीट मिळत असेल तर या किनाऱ्यावर तो सौदा दरवेळी करावा. चाकासारखे फिरणारे गोल कव्हर ब्लॉक दर दोन मीटरला चार, असे आम्ही बसवले; बायंडिंग वायरने बांधलेले चौकोनी ब्लॉक बोअरच्या भिंतीला घासून निखळतात.

काँक्रीट एम ३५, स्लॅग सिमेंटचे, सिमेंटच्या मानाने पाण्याचे प्रमाण ०.४५ च्या आत आणि सिमेंट घनमीटरला ४०० किलोंपेक्षा कमी नाही, हे सर्व त्यांनी नेमके लिहिले होते आणि त्याविषयी तक्रारीला जागा नाही.

रिंगांच्या बाबतीत मात्र कार्यालय आणि साइट यांच्यात खरा वाद झाला, आणि त्यात कोण पूर्ण बरोबर हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. माथ्याशी मोठा मोमेंट येतो, तेथे भूकंपात काँक्रीट फुटू नये म्हणून रिंगा जवळजवळ असाव्यात, या विचाराने त्यांनी वरच्या दोन मीटरमध्ये १०० मिलिमीटरवर आठ मिलिमीटरची स्पायरल दाखवली होती. पाइलची संहिता मात्र रिंगांमधले अंतर १५० पेक्षा कमी नसावे असे सांगते, कारण ट्रेमी पाइपमधून, म्हणजे बोअरच्या तळापर्यंत सोडलेल्या नळीतून, आलेले काँक्रीट पिंजऱ्याच्या आतून बाहेरच्या कव्हरपर्यंत वाहत गेले पाहिजे. जाळी दाट झाली की आत काँक्रीट भरते आणि बाहेर, बोअर ढासळू नये म्हणून भरलेला बेंटोनाइटचा चिखल अडकून राहतो. शेवटी १० मिलिमीटरची रिंग १५० वर असा मध्य निघाला. हा मध्य त्यांनी स्वतःहून सुचवायला हवा होता. आम्ही आधीच्या एका कामात उघडा पडलेला, कव्हर नसलेला पाइलचा माथा फोटो काढून पाठवला तेव्हा तो निघाला.

एका जागी त्यांचे ज्ञान आमच्या उपयोगी पडले आणि पैसेही वाचले. आडव्या भाराची चाचणी सुट्या पाइलवर घेतात आणि त्याचा माथा मोकळा असतो, तर इमारतीतील पाइलचा माथा कॅपमध्ये जखडलेला असतो. अहवालात दोन्ही आकडे शेजारीशेजारी होते: ४० किलोन्यूटनला जखडलेला माथा ४.६ मिलिमीटर सरकेल आणि मोकळा माथा सुमारे १२. चाचणीत काटा बाराकडे सरकू लागला तेव्हा मालकाच्या प्रतिनिधीने ‘पाच मिलिमीटरच्या वर गेला, पाइल नापास’ असे जाहीर केले होते. ते पान दाखवल्यावर वाद जागेवर मिटला. मोमेंटच्या बाबतीत हीच तुलना उलटी होते, मोकळ्या पाइलचा सर्वांत मोठा मोमेंट ८८ आणि जखडलेल्याचा १०६. त्यामुळे सळयांसाठी जखडलेली आणि सरकण्यासाठी मोकळी, अशी दोन्ही रूपे तपासणे योग्य ठरते. दोन पाइलची कॅप एका दिशेने जखडते आणि दुसऱ्या दिशेने जवळजवळ मोकळीच असते, म्हणून त्यांनी दोन्ही दिशांना टाय बीम, म्हणजे कॅप एकमेकांना जोडणाऱ्या तुळया, घातले, हेही मला पटले.

काठ खचण्याचा हिशेब त्यांनी आम्ही विचारल्यावर करून दिला. पाइलभोवतीची दोन मीटर वाळू भरतीने धुऊन नेली तर मोमेंट १०६ वरून १४० च्या आसपास जातो. दीडपट केल्यावर २१०, म्हणजे २२० च्या अगदी कुशीत. वाळूही गेली आणि त्याच वेळी कोपऱ्यावर ओढही आली, तर १८७ ची क्षमता पुरणार नाही, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले आणि त्यासाठी सळया वाढवण्याऐवजी काठाला दगडी पिचिंग करण्याची शिफारस केली. अशी मर्यादा लेखी देणारे कार्यालय मला यापूर्वी भेटले नव्हते. उलट, भेगांच्या रुंदीचे प्रकरण त्यांनी अर्ध्या पानात उरकले; रोजच्या भारालाच, उभा दाब न धरता, कडेच्या सळीत २६० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो असे त्यांचाच आकडा सांगत असताना, खाऱ्या जमिनीतील पाइलच्या भेगेवर एवढे थोडके लिहिणे मला कमी वाटले. सैल, भिजलेली वाळू भूकंपात पातळ होण्याच्या शक्यतेविषयी तर केवळ एक ओळ होती.

बाकीच्या बाबी थोडक्यात. सळयांच्या कटिंगचे शेड्युल बिनचूक होते, आणि पिंजऱ्याला ताठ ठेवणाऱ्या सोळाच्या आतल्या रिंगा दर दीड मीटरला दाखवल्या होत्या. फोन उचलला जातो, मात्र दुपारी चारनंतर. साइटवर त्यांचा माणूस संपूर्ण कामात एकदाच आला, तोही पावसाळ्यात, जेव्हा रिग ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. फी मला महाग वाटली नाही. चोवीस पाइलच्या पोलादाच्या खर्चाच्या तुलनेत ती लहान होती.

या जागेवर दुसऱ्या टप्प्यात आणखी अकरा पाइल येणार आहेत आणि ते काम मी याच कार्यालयाकडे दिले आहे. करारात मात्र दोन अटी वाढवल्या आहेत: प्रत्येक पाइलसाठी सर्वांत कमी उभ्या भाराचा किंवा ओढीचा हिशेब पहिल्याच पानावर यावा, आणि पहिला पिंजरा बोअरमध्ये उतरेल त्या दिवशी, भरती-ओहोटीची वेळ आम्ही कळवू, डिझाइन करणाऱ्या अभियंत्याने स्वतः तेथे उभे राहावे.